ओल्या दिवसांत तासलेलं दार

दमट गावात घर घेतलं, की त्याची अर्धी मालकी बुरशीची असते. ताईला हे पहिल्याच वर्षी कळून चुकलं. घर घेऊन तिनं काही महिने बंद ठेवलं होतं. मग थंडी सुरू झाली तशी ती वरच्या कोरड्या डोंगरगावातून कुरकुरणारे गुडघे घेऊन खाली उतरली, समुद्राजवळच्या आपल्या दोन खोल्यांचं कुलूप काढलं आणि आतल्या वासानं तिला पुन्हा जिन्यावर ढकललं. चामड्याच्या चपलांवर हिरवी लव उगवली होती. मिठाचा दगड झाला होता. बिस्किटांनी माना टाकल्या होत्या. काडेपेटीतली काडी पेटायचं सोडून मोडत होती, आणि खणातली कोरी पाकिटं आपली आपणच चिकटून बसली होती. आतल्या खोलीचं दार तर असं फुगलं होतं, की खांदा लावून, वर कमरेचा हिसका देऊन ते उघडावं लागलं. "हे घर आहे की विहीर?" असं म्हणून ताई पायरीवर बसली आणि तिला रडू आलं.

वर डोंगरगावात तिचं आणि यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. यजमान काही खाली यायला तयार नव्हते. "तू जा बाई, मला घाम येतो," असं ते अशा सुरात म्हणत, की घाम हा एखादा बरा न होणारा आजारच वाटावा. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता तो ताईला. तेव्हा रडून झाल्यावर तिनं पदर नाही तरी कंबर कसली आणि व्हिनेगरचं फडकं घेऊन भिंतींना भिडली.

आणि आठवड्याभरात गुडघे विरघळले. विरघळले हाच शब्द बरोबर. वरच्या गावात ती कांद्यासारखी राहायची, एकावर एक पापुद्रे चढवून. इथं एक सैलसर सुती झगा घातला की दिवस निघाला. सकाळची आंघोळ सगळेच करतात, पण ऊन उतरल्यावरची दुसरी आंघोळ ही निव्वळ चैन होती, आणि ताई ती चैन मनसोक्त करायची. दुपारी गार फरशीवर उशी टाकून, वर पंखा सोडून ती अशी आडवी व्हायची, की कुणी पाहिलं असतं तर बाईला चक्कर आली असंच समजलं असतं. केस, जे वर आयुष्यभर चपटे राहिले, ते इथं कुरळे व्हायचे. आरशात बघून तिला स्वतःचंच हसू यायचं. गार हवेच्या दुकानातून बाहेर पाऊल टाकलं, की चष्म्यावर वाफ धरायची आणि जगाला चष्मे लावणारी ही बाई भर रस्त्यात आंधळी उभी राहायची. संध्याकाळी फिरून आलं, की फ्रीजमधली पपई. एवढं सुख तिला कधी मिळालं नव्हतं आणि मिळेल असंही वाटलं नव्हतं.

हळूहळू युक्त्याही कळल्या. मिठात तांदळाचे दाणे टाकायचे. बिस्किटं पत्र्याच्या डब्यात. कपाटात एक बारका दिवा जळता ठेवायचा. चामडं वरच ठेवून यायचं. आणि मागे घर उघडून वारा द्यायला कुणीतरी भरवशाचं माणूस हवं. ते होतं.

पुढच्या वर्षी आली तर वास निम्म्यानं कमी. त्याच्या पुढच्या वर्षी कपाटाचे खण, जे दोन्ही हातांनी ओढावे लागत, ते बोटानं सरकायला लागले. आणि यंदा कमालच झाली. तिनं सवयीनं आतल्या खोलीच्या दाराला खांदा लावला, आणि दार इतकं हलकेच उघडलं की ताई झोक जाऊन सरळ पलंगावर पडली. पडल्या पडल्या ती मोठ्यानं हसली आणि तिथूनच यजमानांना फोन लावला.

"अहो, घर मला ओळखायला लागलं!"

"इतकी वर्षं संसार करून मी नाही ओळखलं तुला, आणि घर एवढ्यात ओळखतं होय?" यजमान म्हणाले. "गुडघे कसे आहेत ते सांग."

गुडघे छान होते. सगळंच छान होतं. आणि याचं सगळं श्रेय ताई एकाच माणसाला द्यायची. ते म्हणजे बबी.

बबी तिची धाकटी बहीण. लग्न होऊन ती या गावात आली आणि तिनं लाँड्री काढली. जिथं टॉवेल दोरीवर चार दिवस लटकले तरी ओलेच राहतात, तिथं मोठे ड्रायर लावायची अक्कल तिला सुचली आणि लाँड्री चालली. मुळात ताईनं इथं घर घेतलं ते बबी जवळ आहे म्हणून. घराची दुसरी किल्ली बबीकडे असायची. ताई आली, की पहिल्या दिवशी बबी ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या चादरी घेऊन यायची, ऊबदार, कडक वाळलेल्या, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून त्या घडी करायच्या. कोपऱ्याला कोपरा लावत एकमेकींकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची, पुन्हा मागे जायचं. लहानपणी आईच्या चादरी त्या दोघी अशाच घडी करत. तेव्हा बबीचे हात वर पुरायचे नाहीत म्हणून ताई गुडघ्यावर बसायची.

बबीला ताईनं वाढवलं होतं, हे नुसतं म्हणायला नाही. त्यांचा बाप सुतारकाम करायचा. हात चांगला होता, पाय मात्र घरात ठरत नव्हता. एक दिवस हत्यारांची पेटी उचलून तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या बाईच्या घरी राहायला गेला. आई आधीच अंथरुणाला खिळलेली. ती दोन वर्षं दाराकडे तोंड करून पडून राहिली. कुणी कूस बदलून दिली तरी थोड्या वेळानं तोंड पुन्हा दाराकडे. गेली तेव्हाही तशीच. निरोप पाठवला होता, तरी बाप आला नाही. ताईचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. ते तिनं सोडलं आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसली. पुढं त्याच दुकानाच्या मालकाच्या मुलाशी लग्न झालं ते झालं, पण बबीची फी, बबीचे बूट, बबीचा ताप, सगळं त्या घासलेल्या काचांवर निघालं. आई गेली त्या दिवशी ताईनं बबीचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तो माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत कधीही नाही. कळलं?" आणि बबीनं मान हलवली होती.

ताईनं आयुष्यात फार काही मागितलं नाही. हे एक मागितलं होतं.

यंदा आली तेव्हा नेहमीप्रमाणे तिनं बबीच्या हातात एक चष्म्याची डबी ठेवली. ही बबीच्या इस्त्रीवाल्या काकांसाठी. दोनेक वर्षांपूर्वी बबीनं फोनवर नंबर सांगून विचारलं होतं, "आमचे इस्त्रीवाले काका आहेत, त्यांना दिसत नाही गं नीट. करशील का?" ताई बहिणीसाठी काय करत नाही? काकांचा डावा डोळा कामातून गेलेला होता, नंबर होता तो उजव्याला. दुसरा कुणी असता तर डावीकडे साधी पातळ काच बसवून मोकळा झाला असता. पण एका बाजूला जड काच आणि दुसऱ्या बाजूला हलकी, म्हणजे चष्मा सारखा उजवीकडे कलणार. ताईनं डावी काचही उजवीएवढ्याच वजनाची घासून केली होती. "डोळा शोभेचा असला म्हणून काय झालं, नाकावर भार सारखा पडला पाहिजे," ती म्हणाली होती. यंदा काकांचा नंबर वाढला होता म्हणून हा नवा.

"मागचा फार आवडला त्यांना," बबी डबी पर्समध्ये टाकत म्हणाली. "म्हणतात, इतक्या मायेनं कुणी काही केलं नव्हतं."

"माया कसली, वजनाचा हिशेब आहे तो," ताई म्हणाली, पण फुलली.

"आणि बबे, तू यंदा घराला काय केलंस गं? दार लोण्यासारखं उघडलं."

"यंदा ओल कमी होती, ताई," बबी म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक शोधू लागली.

तीन आठवडे मजेत गेले. हवा कोरडी होत गेली, समुद्राकडून वारा सुटू लागला. आणि मग ते दार आपटायला लागलं. लावलं तरी लागेना. ढकलून ठेवावं तर वाऱ्यानं आपोआप उघडायचं, पुन्हा येऊन चौकटीवर आदळायचं. दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. एक दिवस वैतागून ताई उठली, पुठ्ठ्याची घडी करून फटीत घालायला गेली, तर फट चांगली बोटभर. फुगलेल्या दाराचं एवढं सैल दार कसं झालं? तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दाराची कड पाहिली.

कड तासलेली होती. वरपासून खालपर्यंत, एकसारखी, सराईत रंध्यानं. वर दाराच्याच रंगाचा हात फिरवला होता, पण तो किंचित फिकट होता.

ओल कमी होती म्हणे! ताईला आधी नुसता राग आला, सुताराला बोलावलं होतं तर सांगायचं ना, एवढाच. बापाच्या हाताखाली तिनं लहानपणी भुसा गोळा केला होता, त्यामुळे एक गोष्ट तिच्या लगेच लक्षात आली. ज्यानं हे दार तासलं त्यानं ते फुगलेलंच पाहिलं होतं. ओल्या महिन्यांत. कोरड्या हवेत हे दार कसं आक्रसतं, हे ज्याला माहीत असतं त्यानं एवढं लाकूड काढलंच नसतं. म्हणजे हा सुतार या घरात होता तो ती नसतानाच.

तिनं कडेवरून बोट फिरवलं. बोट घसरलं. वास घेतला. मेणबत्ती.

मग ती कपाटाकडे गेली आणि सगळ्यात वरचा खण पूर्ण बाहेर काढून पलंगावर उपडा घातला. खणाच्या खालच्या दोन्ही पट्ट्यांवर मेण घासलेलं होतं, आणि मेणाच्या खाली, पट्टीच्या सुरुवातीला, एक फुली. दुसऱ्या पट्टीवरही फुली. बाप आधी मेणबत्तीनं फुली मारायचा, मगच घासायचा. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. त्याशिवाय खण सरकणार नाही असं तो म्हणायचा. ही फुली मारायचं काम ताईचं होतं. "मार फुली, साहेब," असं तो तिला म्हणायचा आणि ती जीभ बाहेर काढून, मन लावून दोन रेघा मारायची.

खण तसाच टाकून ताई पलंगाच्या कडेवर बसली. एकेक खिळा आपला आपण जागेवर बसायला लागला. ढलपी उडून बापाचा डावा डोळा गेला होता, बबीच्या जन्माआधीच. डावा. आणि ताईनं दोन वर्षं त्या डाव्या डोळ्यासाठी वजनाच्या काचा घासल्या होत्या. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. या घरावर, या मऊ सरकणाऱ्या खणांवर ती केवढी खूश झाली होती! फोन करून नवऱ्याला सांगितलं होतं. घर मला ओळखायला लागलं म्हणे. वर्षागणिक वास कमी होत गेला तो उगाच नाही, तो इथं राहत होता. या पलंगावर तो झोपत होता. या पंख्याखाली. त्या उशीवर. आणि हे जिनं केलं तिला ताईनं स्वतःच्या हातानं भात भरवला होता.

ती तशीच उठली, झगा बदलला आणि भर उन्हात लाँड्रीकडे निघाली.

लाँड्रीत ड्रायर घुमत होते. इस्त्रीच्या टेबलावर एक तरुण बाई शर्ट फिरवत होती. काका असा कुणी तिथं नव्हताच, आणि ताईनं आजवर कधी नजर वर करून पाहिलंही नव्हतं. बबी मागच्या बाजूला एक मोठी चादर झटकत होती. ताईला पाहून तिनं हसत दुसरी टोकं पुढं केली. ताईच्या हातांनी ती धरली. हातांना सवय असते, त्यांना काय कळतंय.

"बबी, तुमचे इस्त्रीवाले काका कुठं बसतात?"

बबी कोपरे जुळवून चालत ताईपाशी आली होती. ती तिथंच थांबली. दोघींमध्ये चादर लोंबत राहिली.

"ताई..."

"खणाखाली फुली मारलेली आहे. खोटं बोलू नकोस आता. किती वर्षं?"

"तू घर घेतलंस त्याच्या पुढच्याच वर्षी आले. ती बाई गेली. तिच्या मुलांनी यांना बाहेर काढलं. एक दिवस इथं दारात उभे, हातात ती पेटी. ताई, ओळखूसुद्धा आले नाहीत मला. म्हातारे झालेत गं."

"म्हातारे सगळेच होतात. आई झाली नाही तेवढी."

"माझ्याकडे कुठं ठेवणार होते? सासूबाई आहेत, पोरं आहेत, दोन खोल्या. तुझं घर बंद. बंद घर सडतं, ताई. तूच म्हणायचीस, घरात माणूस पाहिजे."

"हो ना. म्हणून घराला वारा द्यायला तू बाप ठेवलास."

बबीचे डोळे भरले. पण तीही आता चिडली. "तू मला बोल, मी ऐकून घेते. पण शपथेचं म्हणशील तर मी सात वर्षांची होते. तू म्हणालीस कळलं का, मी मान हलवली. तू तेव्हा झोप म्हणालीस तरी मान हलवायचे. मला बाप कसा असतो ते माहीतच नव्हतं. तुला निदान चिडायला तरी तो होता!"

हे ताईला लागलं. क्षणभर तिला वाटलं, यात काहीतरी खरं आहे. आणि कदाचित ती तिथंच बसली असती, दोघी रडल्या असत्या, आणि भांडण तिथंच मिटलंही असतं. पण तिच्या मनात आणखी एक प्रश्न होता.

"मी येते तेव्हा कुठं जातात?"

"इथंच. मागच्या खोलीत. तू यायची वेळ झाली, की स्वतःच पेटी बांधतात."

"स्वतःच? का? तू त्यांना काय सांगितलंयस?"

बबी चादरीची दुमडलेली कड उगाच सरळ करू लागली. तेवढ्यात एक ड्रायर घुमायचा थांबला.

"बबी."

"मी सांगितलं," बबी चादरीकडे बघत म्हणाली, "की तू त्यांना माफ केलंयस. की राहा म्हणून तूच सांगितलंस. फक्त समोर यायला तुझा जीव होत नाही, म्हणून थंडीत त्यांनी बाजूला व्हायचं. ते ऐकतात गं. कधी वाद घालत नाहीत. दार तासलं ते तुझ्यासाठीच. थोरलीला खांदा लावावा लागू नये म्हणाले."

"आणि चष्मा?"

"तू केलास म्हणून सांगितलं." बबीनं वर पाहिलं. "त्यात खोटं काय होतं? तूच केलास ना?"

ताईच्या हातातून चादरीची टोकं सुटली. धुतलेली चादर जमिनीवर पडली. एरवी दोघींपैकी एक तरी ओरडली असती, आज कुणीच वाकलं नाही.

"घर दिलंस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक वेळ समजू शकते. पावसापाण्यात कुत्र्यालाही आडोसा देतो आपण. चष्मा घेतलास, तोही गेला. पण माफी? ती कुणाला विचारून दिलीस? ती काय माझ्या कपाटात पडून होती, की ओल लागेल म्हणून तू बाहेर काढलीस?"

"ताई, मी तुझ्या वतीनं..."

"माझ्या वतीनं! शाळा सोडली ती मी. आईची कूस बदलायचे ती मी. तो राग माझा आहे, बबी. आईच्या वाटणीचाही माझ्याकडेच आहे, तिनं तो कधी केलाच नाही म्हणून. इतकी वर्षं जपून ठेवलेली एकच वस्तू होती माझ्याकडे, आणि ती तू मला न सांगता वाटून टाकलीस."

बबी आता उघडउघड रडत होती. इस्त्रीवाली बाई मान खाली घालून एकच बाही पुन्हा पुन्हा फिरवत होती. ताईला बहिणीचं रडणं बघवत नव्हतं. आजही ते बघवत नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. जिनं गळा कापला तिचेच डोळे पुसावेसे वाटतात, ही कसली जात म्हणायची माणसाची!

"किल्ली दे माझ्या घराची."

बबीनं कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवायला घेतली. नख तुटलं तिचं. "बंद राहिलं तर पुन्हा सगळं सडेल, ताई."

"सडू दे. मीठ दगड होऊ दे, भिंती हिरव्या होऊ देत. निदान उघडल्यावर कळेल, की आत कुणी नव्हतं." ताईनं किल्ली मुठीत घेतली. "आता त्यांना खरं तू सांगतेस, की मी सांगू?"

"नको गं. खचतील ते."

"खचली ती आई. ते नाहीत खचत."

मागची खोली म्हणजे साबणाच्या पिशव्या आणि जुनी यंत्रं ठेवायची जागा. एक खाट, एक खिडकी, खिडकीखाली ती पेटी. पेटी ताईनं लगेच ओळखली. माणूस ओळखायला वेळ लागला. तिच्या आठवणीतला बाप दार अडवून उभा राहायचा एवढा रुंद होता. हा एक वाळका म्हातारा बबीच्या गल्ल्याचा लाकडी खण मांडीवर घेऊन त्याला मेणबत्ती घासत बसला होता. नाकावर ताईचा नवा चष्मा.

"कोण? बबी?" तो दाराकडे बघत म्हणाला. जवळचं दिसायला केलेला चष्मा तो. दारातली बाई त्याला नुसती आकृती दिसत असणार.

"नाही."

"कपडे पुढं घेतात, बाई. इकडं कुणी नाही."

तिनं आत येताना मनात वाक्य जुळवलं होतं. सरळ म्हणायचं आणि वळायचं. पण तिची नजर चष्म्यावर गेली. उजव्या कानावरची काडी वर बसली होती, त्यामुळे सगळा चष्मा तिरका. नवा चष्मा कानावर बसवून द्यावा लागतो, तो कुणी बसवलाच नव्हता. अशा काचा घालून तासभर काम केलं तर डोकं दुखणार. आयुष्यभर ताई असा चष्मा पाहून कुणालाही, अगदी रस्त्यातल्या माणसालाही, थांबवत आली होती.

"वाकडा बसलाय," ती म्हणाली. "द्या इकडं."

त्यानं मुकाट्यानं दिला. तिनं काडी मुठीत धरून ऊब दिली, अंगठ्यानं किंचित वाकवली, आणि दोन्ही हातांनी चष्मा त्याच्या कानांमागे बसवला. त्याचे कान थंड होते. तिची बोटं तिथं एक क्षणही जास्त थांबली नाहीत.

"हात सवयीचा दिसतो," म्हातारा म्हणाला.

"दुकान आहे."

त्याचा मेणबत्तीचा हात थांबला. मग खाली खणाकडेच बघत, अगदी हळू, त्यानं विचारलं, "दार आता अडत नाही ना?"

म्हणजे त्याला कळलं होतं. ताईला वाटलं होतं तो रडेल, पाय धरेल, काहीतरी नाटक करेल, मग तिला बोलणं सोपं जाईल. तो दाराचं विचारत होता.

"सैल झालंय," ती म्हणाली. "लागत नाही. वाऱ्यानं आपटतं."

"ओल्या दिवसांत तासलं," तो म्हणाला. "कोरड्यात ते कसं असतं, ते मी कधी बघितलंच नाही." मग घाईनं, "एक पट्टी मारली की बसेल. तू बाहेर गेलीस की येऊन मी..."

"नको."

त्यानं खण मांडीवर सरळ करून ठेवला.

"मी काही माफ केलेलं नाही," ताई म्हणाली. जुळवलेलं वाक्य होतं त्यापेक्षा हे लहान निघालं. "बबीनं सांगितलं ते तिच्या मनाचं. घरात राहा म्हणून मी कधी म्हटलं नाही. मला माहीतच नव्हतं. आणि हा चष्मा मी कुणा इस्त्रीवाल्या काकांसाठी केला होता. तुमच्यासाठी नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, लहान मुलाला समजावल्यावर ते हलवतं तशी. त्यानं मेणबत्ती खाली ठेवली. हात सदऱ्याला पुसले. मग दोन्ही हातांनी चष्मा काढला, काड्या नीट मिटल्या आणि तो पुढं धरला. ताई उभी होती त्याच्या थोडा डावीकडे, रिकाम्या जागेत.

"मग हा घेऊन जा," तो म्हणाला.

ताईनं त्या हाताकडे पाहिलं. चष्मा तळव्यावर सरळ बसला होता, दोन्ही काचा सारख्या वजनाच्या, कुठंही कलला नव्हता. तिनं मुठीतली किल्ली घट्ट आवळली आणि दुसरा हात पुढं केला नाही.

"ठेवा," ती म्हणाली. "तो नंबर दुसऱ्या कुणाला लागत नाही."